अर्थिंगची तार

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. बायको गेली, तिलाही नाही. तिला वाटायचं, मला विजेच्या कामाचा कंटाळा आलाय म्हणून घरातला साधा बल्बसुद्धा मी बदलत नाही. मीही तिला तसंच वाटू दिलं. आज तुम्हाला सांगतोय, ते का, ते मला नीट माहीत नाही. तुम्ही मला ओळखत नाही — बहुधा एवढंच कारण असेल.

कोपरगावकडच्या एका साखर कारखान्यात मी वायरमन होतो. बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या वर्षाची गोष्ट. कारखान्याच्या गेस्ट हाउसच्या स्वयंपाकघरात एक जुनी विजेची शेगडी होती — शेगडी म्हणजे साधी नव्हे, चांगली कमरेएवढी उंच, पांढऱ्या मुलाम्याची. वर चार प्लेटा, खाली ओव्हन. कारखाना उभारायला आलेल्या परदेशी इंजिनियरसाठी ती मागवलेली, तो गेला आणि ती राहिली. सगळे तिला रेंज म्हणायचे. गावातली माणसं गेस्ट हाउसला काही कामाने आली तर आत डोकावून विलायती चूल बघून जायची.

तिच्यातलं कळायचं ते दोघांनाच. आतलं मला आणि बाहेरचं धोंडूमामांना.

धोंडूमामा तिथले स्वयंपाकी. राजूरच्या वरच्या डोंगरातले. तरुणपणी धरणावरच्या साहेबांच्या बंगल्यात भांडी घासता घासता स्वयंपाक शिकलेले. लिहिता-वाचता येत नव्हतं, पण पुडिंग असं करायचे की मुंबईचे पाहुणे दुसऱ्यांदा मागून घ्यायचे. माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठे, तरी मला मास्तर म्हणायचे. का? तर मी मीटर लावून आकडा सांगायचो म्हणून. आकडा सांगणारा माणूस त्यांच्या लेखी मास्तर.

रेंज जुनी, तिची दुखणी रोजची. कधी प्लेटीची कॉइल तुटायची, कधी स्विचचे पॉइंट जळून काळे पडायचे. ओव्हनच्या बटणावरचे आकडे तर पार खोटे झाले होते. मी कारखान्याच्या प्रयोगशाळेतून थर्मामीटर मागून आणला आणि एक आख्खी दुपार आम्ही दोघं त्या ओव्हनपुढे बसलो. बटण दोनशेवर ठेवलं की आत दीडशेच भरायचं. मामांची आपली वेगळी रीत — पत्र्यावर चिमूटभर मैदा टाकायचा, दार लावायचं आणि तोंडाने मोजायचं. मैदा किती आकड्यांत बदामी होतो त्यावरून ते ओव्हन किती तापलाय ते सांगायचे. थर्मामीटर आणि मामा — दोघांचं उत्तर प्रत्येक वेळी जुळलं. मी थक्क झालो. मामा नुसते हसले. म्हणाले, "मास्तर, तुमचं यंत्र बी हुशार हाय."

एवढं सगळं का सांगतोय? मला मुद्द्यावर यायचं नाहीये, तुमच्या लक्षात आलंच असेल.

त्या पावसाळ्यात गेस्ट हाउस महिनाभर बंद होतं. उघडलं तेव्हा ओव्हन लावला की फ्यूज उडायला लागला. मी मेगर लावला — मेगर म्हणजे हँडल फिरवायचं यंत्र. तारेतला करंट कुठे झिरपत असेल तर काट्यावर कळतं. काटा शून्यावर जाऊन बसला — शून्य म्हणजे करंट सरळ गळतोय. ओव्हनच्या खालच्या तापणाऱ्या सळईत — एलिमेंटमध्ये — ओल शिरली होती. म्हणजे करंट एलिमेंटमधून रेंजच्या पत्र्यात उतरत होता, पत्र्यातून अर्थिंगच्या तारेने जमिनीत, आणि म्हणून फ्यूज उडत होता. फ्यूज उडत होता हे चांगलंच होतं. रेंज ओरडून सांगत होती की मला हात लावू नका.

नवीन एलिमेंट मुंबईहून यायला पंधरा दिवस लागले असते. तोवर ओव्हनची तार सोडवून ठेवायची, वरच्या प्लेटा वापरायच्या — इतकं सोपं होतं ते. पण दोन दिवसांनी मोठे पाहुणे यायचे होते आणि मॅनेजरसाहेबांना त्यांना पुडिंग खिलवायचं होतं. साहेबांनी मला विचारलं, होईल का? तुम्हाला वाटेल त्यांनी दम दिला असेल. नाही दिला. मी नाही म्हटलं असतं तर ते म्हणाले असते, बरं, मग श्रीखंड करा. माझी नोकरी कायम व्हायची होती, हे खरं. पण ते त्या वेळी माझ्या डोक्यातसुद्धा नव्हतं. रेंज फक्त मलाच कळते ही माझी मिजास होती, दुसरं काही नाही. मी म्हणालो, "होईल की साहेब."

आणि मी अर्थिंगची तार सोडवली.

रेंजच्या मागे एक स्क्रू होता. तो ढिला केला, तार काढली, टोकाला टेप गुंडाळली, मागे दडवली. करंटला जमिनीत जायला वाट उरली नाही, फ्यूज उडायचा थांबला. ओव्हन तापला. मामांनी मैदा टाकून बघितला आणि खूश झाले. पाहुण्यांनी पुडिंगचं कौतुक केलं, साहेबांनी माझी पाठ थोपटली. पत्र्यात करंट उभा होता — तो कुणाच्या तरी अंगातून उतरायची वाट बघत होता. हे त्या घरात फक्त मला माहीत होतं.

पाहुणे गेले की तार परत लावायची, असं मी ठरवलं होतं. मग का नाही लावली? लावली असती तर फ्यूज पुन्हा उडाला असता. मग साहेब म्हणाले असते, अरे, तू तर दुरुस्त केली होतीस ना? एवढंच. या एवढ्याशा लाजेपायी मी ती तार तशीच ठेवली. मुंबईला एलिमेंटची मागणीही पाठवली नाही, कारण ते कशाला हवं हे लिहावं लागलं असतं.

एक दिवस मामा मला गाठून म्हणाले, "मास्तर, भट्टी लावली की पत्र्याला हात लागला तर मुंग्या येत्यात."

मी काय म्हणालो? म्हणालो, पावसाळा आहे मामा, दमट हवेत येतात थोड्या. पायात चप्पल घाला. मामा अन्नापाशी चप्पल घालत नसत. मग मी म्हणालो, लाकडी पाटावर उभे राहत जा. त्यांनी तसं केलं. माझ्या शब्दावर एक पाट आणून ठेवला आणि त्यावर उभं राहून रांधायला लागले.

एका सकाळी खाली ओव्हनमध्ये नानकटाई होती आणि वर कढईत पुऱ्यांचं तेल. मामांचा एक हात रेंजला टेकलेला. दुसऱ्या हाताने ते बाजूच्या मोरीचा नळ सोडायला गेले. नळ लोखंडी, पाइप जमिनीत गेलेला. पाटाचा काय उपयोग? त्यांना झटका बसला, हात आखडला, आणि पडताना कढई उजव्या हातावर आली. तिथल्या झाडलोट करणाऱ्या बाईंनी किंकाळी फोडली, वॉचमनने मेन स्विच पाडला. मला बोलवायला माणूस धावत आला.

मी पोचलो तेव्हा मामांना बाहेर व्हरांड्यात आणून निजवलं होतं. लोक त्यांच्या भोवती होते. मामा शुद्धीवर होते, कण्हत होते. मी त्यांच्याकडे गेलो नाही. मी सरळ स्वयंपाकघरात गेलो आणि दार लोटून घेतलं.

आता सांगतो. दडवलेली तार बाहेर काढली, टेप सोलली, स्क्रूखाली घालून घट्ट आवळली. मग मोरीवरचा तांब्या घेतला, पाण्याने भरला आणि रेंजवर ओतला. प्लेटांवर, बटणांवर, खाली फरशीवर. आणि तांब्या तिथेच आडवा टाकून दिला. मला माझे हात आठवतात — ते कापत नव्हते. कापले असते तर निदान तेवढं तरी तुम्हाला सांगता आलं असतं.

संध्याकाळी साहेबांसमोर मी मेगर लावून दाखवला. काटा शून्यावर. अर्थिंग तपासून दाखवलं — ठीकठाक. मी लिहून दिलं, चालू रेंजवर पाणी सांडल्याने एलिमेंटमध्ये बिघाड झाला. यंत्र खोटं बोललं नाही. त्याच्या तोंडून मी बोललो.

इथवर तरी भित्रेपणा म्हणता येईल. याच्यापुढचं त्यात बसत नाही.

आठ दिवसांनी मी मामांना भेटायला दवाखान्यात गेलो. उजवा हात कोपरापर्यंत बांधलेला. मला बघून त्यांना आनंद झाला. इकडचं तिकडचं बोलले, आणि मग आवाज उतरवून म्हणाले, "मास्तर, येक खरं सांगा. साहेब इचारून गेलं, पानी कसं सांडलं म्हनून. मला तर पानी घेतल्याचं आठवत न्हाई. नळाला नुसता हात लावला, येवढंच ध्यानात हाय. तुमी समदं तपासलंया. पानी सांडलं हुतं का माज्याकडनं?"

खोलीत आम्ही दोघंच होतो. नुसतं माहीत नाही म्हटलं असतं तरी चाललं असतं. मी त्यांचा डावा हात हातात घेतला आणि म्हणालो, "सांडलं होतं मामा. तांब्या मी स्वतः पाहिला. घाईत माणसाच्या लक्षात राहत नाही."

त्यांनी बांधलेल्या हाताकडे पाहिलं. मग म्हणाले, "मंग आसंल. तुमी खोटं कशापायी सांगाल."

चौकशीत त्यांनी स्वतःच कबूल केलं. निष्काळजीपणा म्हणून त्यांना कामावरून काढलं. हाताची तीन बोटं तळव्याला चिकटून राहिली ती राहिलीच. वर त्यांनी साहेबांना हेही सांगितलं की मास्तरांनी मला आधीच पाटावर उभं राहायला सांगितलं होतं, त्यांचा काही दोष नाही. थोड्याच दिवसांत माझी नोकरी कायम झाली.

पुढच्या वर्षी दुष्काळ पडला. कारखान्याच्या जीपमधून आम्ही संगमनेरकडे चाललो होतो, रस्त्याचं दुष्काळी काम सुरू होतं तिथे थांबलो. खडीच्या ढिगापाशी मामा दिसले. त्यांची बायको, सखुबाई, हातोडीने दगड फोडत होत्या आणि मामा डाव्या हाताने पाटीत भरत होते. मला बघून उठून आले. मी विचारलं, कुठे स्वयंपाकाचं काम का बघत नाही? डाव्या हातानेही जमेल तुम्हाला, हाताखाली माणूस घ्या, त्याला नुसतं सांगा.

मामा म्हणाले, "न्हाई मास्तर. हाताचं न्हाई. आता माजाच मला भरवसा न्हाई. ज्याला आपन पानी वतलेलं ध्यानात ऱ्हात न्हाई, त्यानं लोकांच्या चुलीपाशी जाऊ ने. घरात बी मी चुलीम्होरं बसत न्हाई."

चिमूटभर मैद्यावरून ओव्हनची उष्णता सांगणारा माणूस होता तो. हात मी मुद्दाम नाही जाळला असं एखादा म्हणेल. पण हे? हे मी समोर बसून, त्यांचा हात हातात धरून केलं होतं. त्या खडीच्या ढिगापाशी बोलायला किती शब्द लागले असते? चार. मामा, पाणी मी ओतलं. ड्रायव्हरने हॉर्न दिला आणि मी जीपमध्ये जाऊन बसलो.

मी फोरमन होऊन निवृत्त झालो. त्यानंतर एकदा बाजाराच्या दिवशी राजूरला उतरलो आणि विचारत विचारत मामांच्या वाडीवर गेलो. सांगायचंच असं ठरवून गेलो होतो. मामा जाऊन तीन वर्षं झाली होती. सखुबाई होत्या. त्यांनी मला ओळखलं, घोंगडी टाकली, कोरा चहा केला. मामांचं शेवटचं सांगत होत्या. मधेच पदराने डोळे पुसून म्हणाल्या, "त्येंच्या येका चुकीपायी तुमास्नी बी लई तरास झाला आसंल तवा. जाताना बी त्येच म्हनत हुते — मास्तरांचं नाव खराब झालं आसतं माज्यापायी."

मी म्हणालो, "जाऊ द्या, सखुबाई. झालं गेलं."

असं म्हणालो मी. त्यांना. जणू माफ करतोय. मग चहा संपवला, कप खाली ठेवला, आणि पाचची एसटी गाठायला उतार उतरू लागलो.