थांबून बघायची सायकल

अकोल्यातला हा सायकलवाला गिऱ्हाइकाला उंची कधीच विचारत नाही. चपला काढायला लावतो, भिंतीला पाठ टेकवून उभं करतो आणि दोन पायांमध्ये एक जाड वही वर सरकवून भिंतीवर पेन्सिलीने खूण करतो. "उंची लोक फुगवून सांगत्यात. पाय खोटं बोलत न्हाईत," म्हणतो.

मी बॅटरीवरची डोंगरी सायकल घ्यायला गेलो, तेव्हा मला माप द्यायचंच नव्हतं. थोरल्या भावाने त्याच दुकानात मोठ्या फ्रेमची एक पसंत केली होती. ती घरी येण्याआधीच तो वारला. मला तीच हवी होती.

"भाऊ तुमच्यापेक्षा वीतभर उंच हुते, सर."

"होईल मला सवय."

त्याने तीच सायकल बाहेर काढली. दुकानामागच्या चढावर सायकल नेऊन मला बसवलं. "चालवताना समद्याच बऱ्या वाटत्यात. चढावर मधीच थांबून दाखवा."

मी थांबलो. पाय जमिनीला पुरेना आणि त्या जड सायकलीसकट मी कलंडलो. त्याने मला दंडाला धरून सावरलं. तो त्यासाठीच जवळ उभा होता.

"ही मी तुमाला इकणार न्हाई," तो म्हणाला आणि आतून एक माप लहान सायकल घेऊन आला.

तिच्यावर मी त्याच चढावर थांबलो. दोन्ही पाय टेकले. भावाची सायकल शेजारी उभी होती.

"आता रडलात तरी पडणार न्हाई तुमी," असं म्हणून तो पाठ फिरवून पान्हे आवरू लागला.