ह्याला परवडतं कसं?

किस्से काही कोणी मुद्दाम गोळा करत नाही हो. सरकारी ऑफिसात मोडक्या खुर्च्या कोपऱ्यात आपोआप साठतात, तसे तेही साठतात. मग एक दिवस कुणीतरी विषय काढतं आणि एकामागून एक निघत राहतात! परवा भोर भेटला, चहा झाला, आणि आमचं नगरचं ऑफिस निघालं.

बाहत्तरच्या दुष्काळाचे दिवस. आसपासची अर्धी गावं पोटासाठी नगरात आलेली. खोली मिळायची नाही, मिळाली तर भाडं ऐकून घाम फुटायचा. रेशनवर अमेरिकेची लाल मिलो ज्वारी, रॉकेलला रांग, नळाला दिवसाआड पाणी. अशात कुणी जरा बरा दिसला, की त्याच्यावर सगळ्यांचा डोळा! ‘ह्याला परवडतं कसं?’ एवढा एकच प्रश्न आमच्या ऑफिसात दिवसभर फिरायचा.

ऑफिसात माणसं चार. टायपिस्ट भोर, शिपाई म्हादबा, मी वाकचौरे कारकून, आणि सगळ्यांच्या वर हेडक्लार्क नानासाहेब. नानासाहेबांचा संशय म्हणजे काय सांगू! टेबलावरची टाचणी हलली तरी चष्मा कपाळावर सरकवून म्हणायचे, “यात काहीतरी पाणी मुरतंय!” बायको-मुलं त्यांनी गावी ठेवलेली. स्वतः माळीवाड्यात प्रशस्त खोली घेऊन एकटे राहायचे. म्हणजे, असं ते सांगायचे. धोतर कायम परीटघडीचं. सकाळी सगळ्यांच्या आधी हजर, संध्याकाळी सगळ्यांच्या मागून बाहेर. आणि वर आम्हाला उपदेश, “मला बुवा परवडतं. हिशोबात राहिलं की परवडतं!”

मला परवडत नव्हतं. गाव अकोले तालुक्यातलं. बायको सुमन आणि पोरगी नंदा, दोघींना हट्टानं नगरला आणलेलं. नंदा पहिलीत जात होती. तिला इथंच शिकवायचं, एवढीच माझी धडपड. घरी मात्र रोज एक टोमणा ठरलेला, “त्या नानासाहेबांना परवडतं, मग आपल्यालाच का नाही?”



* * *

एका सोमवारी भोर टेरिकॉटचा कोरा करकरीत शर्ट घालून आला. आकाशी रंग, कडक कॉलर. ऑफिसात सगळ्यांच्या माना वळल्या! भोरचा पगार आम्हाला पैशापर्यंत पाठ.

“लॉटरी लागली का हो, भोर?” नानासाहेब.

“नाही साहेब.”

“सासरा मिळाला?”

“छे हो, कसला सासरा!”

“मग यात काहीतरी पाणी मुरतंय!”

भोर टायपरायटर बडवायला लागला. दुसऱ्या दिवशी तो आपल्या जुन्या विटक्या शर्टात. दुपारी आम्ही सगळे कोपऱ्यावर चहाला निघालो, तर समोरून तोच आकाशी शर्ट सायकलवरून चाललेला! नानासाहेबांना चष्मा लावायलाही धीर नाही. भर रस्त्यात ओरडले, “अहो भोर! ऑफिसच्या वेळात सायकलवर कुठं?”

भोर आमच्या मागंच उभा होता. सायकलवाल्यानं ब्रेक मारला, वळून पाहिलं आणि म्हणाला, “भोरचा नंबर सोमवारी असतो साहेब! आज मंगळवार, माझा!”

खोलीत तिघं राहत होते. शर्ट एक होता.

* * *

म्हादबाचं प्रकरण त्याहून अवघड. पगार आमच्या निम्मा. केडगावहून सायकल हाणत यायचा. पण दुपारी डबा उघडला, की वर पांढरीशुभ्र गव्हाची पोळी! आम्ही लाल मिलोच्या भाकरी चावतोय, दाढा दुखताहेत, आणि शिपाई पोळी खातोय?

पण खाताना कुणी पाहिलं नव्हतं. डबा उघडायचा, सगळ्यांना दिसेल असा जरा वेळ ठेवायचा, आणि मग भिंतीकडं तोंड करून बसायचा. आठ दिवस नानासाहेबांनी पाळत ठेवली. नवव्या दिवशी गेले आणि डब्यावर हातच ठेवला. “म्हादबा, गहू कुठनं येतो? खरं बोल!”

म्हादबानं मुकाट्यानं पोळी उचलली. खाली मिलोची भाकरी आणि लाल मिरचीचा ठेचा.

“ह्यी पोळी खायाची न्हाई साहेब. ह्यी दावायची हाय.”

“म्हणजे?”

“घरची म्हनती, हापिसात आपली अब्रू राहिली पायजे. आठवड्याला एक करती. बुधवारी जुनी गाईला घालतो.”

भोरनं पोळीला बोट लावून पाहिलं. पापडासारखी वाजली!

* * *

आता माझा घरमालक. रिटायर हवालदार. लढाईवर कुणाला हेरलं असेल नसेल, आम्हाला मात्र सोडलं नाही. खोली दिली तेव्हाच बजावलं होतं, “अडीच माणसांचं भाडं ठरलंय. पाहुणा राहिला तर पाण्याचे पैसे वेगळे.” रोज सकाळी उंबऱ्याबाहेरच्या चपला मोजायचा.

सुमनचे वडील औषधपाण्यासाठी चार दिवस आले. सुमन माझ्यापेक्षा हुशार. तिनं त्यांच्या वहाणा पिठाच्या रिकाम्या डब्यात टाकल्या आणि झाकण लावलं. म्हातारेबुवा दिवसभर आत, बोलायचंही कुजबुजत. दोन दिवस निभावलं. तिसऱ्या दिवशी पहाटे हवालदारानं कडी वाजवली.

“वाकचौरे, मोठ्या चपला दोन जोड!”

“बरोबर आहे की.”

“आणि खोकतायत मोठी माणसं तीन!”

सासरे बाहेर आले, नमस्कार केला. हवालदारानं त्यांना बसायला खुर्ची दिली, माणूस तसा वाईट नव्हता. पण जाताना मला बाजूला घेऊन म्हणाला, “पुढच्या महिन्यापासून पस्तीसचे पन्नास. माझ्याकडं साठ देणारा उभा आहे. जमत असेल तर राहा, नाहीतर एक तारखेला खोली मोकळी करा.”

पन्नास दिले तर खायचं काय? सुमन आतून ऐकत होती. त्या दिवशी तिनं नानासाहेबांचं नाव काढलं नाही, तेच मला जास्त लागलं.

* * *

त्याच सुमारास आमच्या रेकॉर्ड रूममधून वास यायला लागला. रेकॉर्ड रूम म्हणजे मागची अंधारी खोली. लाल कापडात बांधलेले जुने बस्ते छतापर्यंत रचलेले. किल्ली फक्त नानासाहेबांकडं. एका सकाळी भोर लवकर आला होता. मला बघताच नाक वर करून म्हणाला, “वाकचौरे, लसणाची फोडणी!”

खरंच होती! मला तर भूकच लागली. नानासाहेब खुर्चीत बसून पेन्सिलीला टोक करत होते.

“साहेब, रेकॉर्डमध्ये कसला वास येतोय?”

“उंदीर झालेत.”

“उंदीर लसणाची फोडणी देतात?”

नानासाहेबांनी चष्मा कपाळावर सरकवला. “आजकालच्या उंदरांचा काय भरवसा, भोर? तुम्ही आपलं टायपिंग बघा!”

आमचा संशय अर्थातच म्हादबावर. रॉकेलची बाटली कमी व्हायची तीही त्याच्यावरच. त्याला विचारलं तर खाली बघून झाडू मारत राहायचा. “आमाला काय म्हाईत भाऊसाहेब,” एवढंच.

* * *

आणि मग पुण्याहून पत्र आलं! महागाईच्या ठिकाणी राहणाऱ्यांना जादा भत्ता द्यायचा विचार आहे, नगर तसं महाग आहे का, सामान्य कर्मचाऱ्याला इथं राहणं परवडतं का, हे बघायला एक साहेब येणार. मी हिशोब केला. भत्ता मिळाला तर वरचे पंधरा निघत होते. नंदाची शाळा वाचत होती! घरी जाऊन सुमनला सांगितलं, तर तिनं देवापुढं साखर ठेवली. साखर तेव्हा कुठं मिळत होती? तरी ठेवली.

ऑफिसात जय्यत तयारी. नानासाहेबांनी ऑर्डर सोडली, “कुणीही बरं दिसायचं नाही!” साहेबाचा दिवस नेमका सोमवार. भोरनं आकाशी शर्टाचा नंबर सोडला आणि कोपरावर फाटलेला घातला. मी दोन दिवस दाढी केली नाही. नानासाहेबांनी स्वतः पंखा काढून कपाटात ठेवला, टेबलावरची काच काढली. धोतर मात्र परीटघडीचंच! आम्ही सगळे मळके दिसत असताना ह्यांचंच पांढरं कसं, असं भोर माझ्या कानात पुटपुटला.

साहेब आले. ते आमच्या नानासाहेबांचेही बाप! प्रत्येक गोष्टीकडं तिरक्या नजरेनं बघायचे. माझी भाड्याची पावती उन्हात धरून पाहिली. भोरच्या कोपराचं भोक बोटानं चाचपून म्हणाले, “हे फाटलंय की फाडलंय?” मग मागच्या दाराकडं वळले. “ही खोली उघडा.”

नानासाहेब दाराला पाठ लावून उभे राहिले. “किल्ली हरवलीय साहेब.”

“हरवते कशी?”

“साप निघालाय आत,” नानासाहेब म्हणाले. एका प्रश्नाला दोन उत्तरं! कपाळावरून घामाच्या धारा. साहेबांनी टिपून घेतलं. पण सापाचं नाव निघाल्यावर आग्रह केला नाही.

तरी सगळं ठीक चाललं होतं. सांगतो, ठीकच चाललं होतं! जाता जाता साहेब म्हणाले, “सगळ्यात कमी पगार कुणाचा? त्याचा डबा बघू.”

म्हादबानं डबा पुढं केला. साहेबांनी झाकण उघडलं. वर गव्हाची पोळी. मऊ, तुपाचं बोट फिरवलेली!

साहेब हसले. “इथं शिपाईसुद्धा पोळी खातो, आणि तुम्ही भत्ता मागता?” निघून गेले. खालची भाकरी बघायला थांबलेसुद्धा नाहीत.

नानासाहेब मटकन खाली बसले. “म्हादबा, अरे ती शिळी, वाळकी कुठं गेली?”

म्हादबाच्या डोळ्यांत पाणी. “पुन्याचं सायेब येनार म्हनून घरच्यीनं ताजी करून दिली हुती जी. शेजारनं पीठ आनलं. हापिसची अब्रू म्हनून...”

त्याला कुणी रागावलं नाही. आम्ही तरी दुसरं काय करत होतो?

* * *

महिना संपला. मी सुमनला आणि नंदाला अकोल्याच्या गाडीत बसवून गावी सोडून आलो. गाडीत नंदा पाटी मांडीवर घेऊन बसली होती. “बाबा, माझी शाळा कधी?” असं तिनं तीनदा विचारलं. खोटं कशाला सांगू, मला रडू आलं. येताना सुमन एवढंच म्हणाली, “नानासाहेबांना विचारा तरी एकदा, ते कसं करतात.”

एक तारखेला सकाळी सहालाच नवा भाडेकरू टांगा घेऊन हवालदाराच्या दारात हजर. मी माझी ट्रंक आणि वळकटी उचलली. भोरच्या खोलीत चौथ्याला पाय पसरायला जागा नव्हती. माझ्या डोक्यात एक विचार दोन दिवस घोळत होता, तो घेऊन सरळ ऑफिसवर गेलो.

म्हादबा पायरीवर झाडू घेऊन उभा. मला ट्रंकेसह पाहून गडबडला. “भाऊसाहेब, जरा थांबा! आत झाडलोट चाललीया.”

“झाडू तर तुझ्या हातात आहे!”

म्हादबा बाजूला झाला. मी आत गेलो. रेकॉर्ड रूमचं दार सताड उघडं. आत दोरीवर परीटघडीचं धोतर, खाली बंद स्टोव्ह, त्यावर कढई. एका बस्त्याला आरसा टेकवलेला, आणि त्यासमोर बनियनवर, अर्ध्या गालाला साबण लावलेले नानासाहेब!

त्यांनी आरशातूनच माझी ट्रंक पाहिली. मग वळकटी पाहिली. मग हळूच वस्तरा खाली ठेवला.

“वाकचौरे, मंडळी गावी सोडलीत?”

“हो.”

“पोरीची शाळा?”

मी नुसती मान हलवली.

नानासाहेबांनी उठून भिंतीकडचे दोन बस्ते सरकवले. एका माणसापुरती जागा झाली. त्यांनी ती फडक्यानं पुसली. मग एकदम थांबले, साबणाच्या बोटांनी कपाळावर चष्मा सरकवला आणि माझ्याकडं रोखून बघत म्हणाले,

“खरं सांगा. घोरत तर नाही ना?”