कोलंबसची शेवटची ओळ

बाग बंद पडली ती अण्णांमुळं, असं आमच्या गल्लीत अजूनही म्हणतात. तंजावूरच्या राजवाड्यामागच्या कुठल्याही लग्नात आमच्यापैकी चौघं एका पंगतीला बसले, की पायसम येईपर्यंत विषय तिथं पोचतोच. एकजण म्हणतो, मालकाला अक्कल नव्हती. दुसरा म्हणतो, वरून रंग मारला पण आतला गंज काढला नाही, तिथंच चुकलं. मग कुणीतरी माझ्याकडं बघून आवाज खाली आणतो आणि म्हणतो, अण्णा मोठे होते, पण त्या माणसाला त्यांनी नसता सल्ला दिला. मी पापड मोडत बसतो. अण्णा माझे वडील. ते जाऊन पुष्कळ वर्षं झाली, आणि त्यांची बाजू मी एकदाही घेतलेली नाही. घेतली तर पुढचंही सांगावं लागेल, म्हणून.

आज पुढचंही सांगतो.

बाग पापनाशमच्या रस्त्याला होती. सिंगापूरहून परतलेल्या एका माणसानं भाताची खाचरं भरून काढली, भिंत घातली आणि आत खेळणी आणून उभी केली. ते दिवसच तसे होते. परदेशी कोला नुकते दुकानात आले होते, गल्लीत केबलच्या तारा लोंबायला लागल्या होत्या, आणि आपण मद्रासच्या मागं नाही असं तंजावूरला पहिल्यांदाच वाटत होतं. बागेत जायंट व्हील होतं, फिरत्या कपबशा होत्या, छोटी आगगाडी होती, आणि सगळ्यांत मोठं म्हणजे कोलंबस. दोन खांबांमध्ये टांगलेली अख्खी होडी, पाळण्यासारखी इकडून तिकडं जाणारी. मध्ये बसलं तर झोका. टोकाला बसलं तर वरून खाली येताना पोट जागेवर राहत नाही.

आम्ही रविवारवाले होतो. मी गणिताचा मास्तर, एकजण बँकेत, एकजण वीज मंडळात, एक दातांचा डॉक्टर. सगळे राजवाड्याच्या आसपासचे, मराठी घरांतले, आणि सगळे मुलांना घेऊन येतोय असं सांगून आलेले. मुलं बर्फाचा गोळा खात कुठंतरी असायची. तंजावूरच्या माणसाला गाणं ऐकून लगेच मत द्यायची खोड. मृदंगवाल्यानं हात उचलायच्या आत शेजाऱ्याच्या कानात त्याचा दोष सांगून झालेला असतो. तेच आम्ही खेळण्यांवर काढलं. आज व्हील फार चढ्या लयीत आहे. कपबशीचा डाव्या बाजूचा आवाज गेल्या रविवारी नव्हता. गर्दी वाढली की कोलंबसचे झोके कमी करतात, लबाड.

आणि खरंच, वैताग यावा असंच होतं. दर पोंगलला फाटकावर नव्या खेळण्याचा फलक लागे. एका खेळण्याचा तर नुसता चौथरा आला, खेळणं आलंच नाही. त्यावर शेवटपर्यंत बकऱ्या बसत. आगगाडी पावसाळ्यात बंद, कारण भराव घातला तरी खाचराला पाणी आठवतंच, रुळांखाली बेडूक ओरडायचे. भूतबंगल्यात लोक अंधारात पडायला लागले म्हणून मालकानं आत ट्यूबलाइट लावली. मग उजेडात उभी असलेली ती भुतं, एकाचा हात तारेनं बांधलेला. आमच्यातला बँकवाला म्हणायचा, याला आमच्या मॅनेजरसारखी कळा आली आहे. हसायचं, नावं ठेवायची आणि पुढच्या रविवारी परत यायचं. मालकाला कुणी काही सांगत नव्हतं. अण्णा सोडून.

अण्णा सरकारच्या पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. सगळी नोकरी कालव्यांच्या दारांवर गेली. बागेत ते नातीबरोबर म्हणून यायचे, आणि पाच मिनिटांत छत्रीचं टोक कुठल्यातरी खांबाला टेकवून मूठ कानाशी धरलेली. असं केलं की आतलं बेअरिंग बोलतं, म्हणायचे. मला लाज वाटायची. रांगेतली माणसं बघायची. खेळणी चालवणारे आधी त्यांना बघून पळायचे. पुढं तेच बोलवायला यायला लागले, ‘रायर सार, जरा ऐकून जा’ म्हणून. आम्हा मराठी लोकांना इथं सगळे रायरच म्हणतात.

नव्या खेळण्यांना अण्णांचा विरोध नव्हता. त्यांचं म्हणणं एकच, या बागेला बंदीचा काळ नाही. कावेरीचं पाणी जानेवारीअखेर धरणात अडवतात आणि जूनमध्ये सोडतात. मधले महिने कालवे कोरडे. तेवढ्यात सगळी दारं उतरवायची, घासायची, ग्रीस भरायची, परत चढवायची. जन्मभर त्यांनी हेच केलं होतं. ज्या लोखंडाला वर्षातून एकदा विश्रांती नाही त्याच्यावर माणूस बसवायचा नाही, हे त्यांचं शास्त्र. आणि म्हणून नात कोलंबसमध्ये बसणार नाही.

मुलगी माझी तेव्हा नऊ वर्षांची. तिला दुसरं काही नको होतं. व्हील नको, कपबशी नको, होडी. वर्गातल्या सगळ्यांनी केली होती. रविवारी ती कठड्याला धरून उभी राहायची, होडीबरोबर मान डावीकडं, उजवीकडं. मग आजोबांकडं जायची. तात्ता, आज? आजोबांना ती शेजारच्या तमिळ मुलांसारखं तात्ताच म्हणायची. अण्णा छत्री हलवून नाही म्हणायचे. मग ती माझ्याकडं यायची, आणि मी म्हणायचो, तात्ता सांगतात ते बरोबर आहे, बाळ.

असं म्हणून मी स्वतः रांगेत जाऊन उभा राहायचो.

हे लिहायला मला इतकी वर्षं लागली. मी दर रविवारी कोलंबसमध्ये बसत होतो. अण्णांच्या बेअरिंगवर माझा काडीचा विश्वास नव्हता. ते माझ्याशी त्यावरून वाद घालत आणि मी हसण्यावारी नेत असे. मग मुलीला का नाही? कारण लहान मूल असेल तर मोठ्या माणसानं त्याच्याबरोबर मधल्या ओळीत बसायचं, असा तिथं नियम होता. रविवारच्या रांगेत एकच फेरी पदरात पडे, आणि मला शेवटची ओळ हवी होती. आठवडाभर शाळा, घरी शिकवण्या, अण्णांची औषधं, बायकोच्या माहेरची कटकट. शेवटच्या ओळीत, होडी अगदी वर जाऊन क्षणभर थांबते तिथं, मी कुणाचा कुणी नव्हतो. ते मला पोरीसाठी सोडवेना. एका रविवारीही. अण्णांचा नकार आयता मिळाला, मी त्याच्यामागं जाऊन उभा राहिलो. बायकोसुद्धा अण्णांवरच चिडायची. मी चिडू द्यायचो.

त्या पोंगलनंतर मालकानं अण्णांचं ऐकलं. का ऐकलं ते मला आजही नीट कळलेलं नाही. बहुधा तो घाबरला होता. कोलंबसच्या एका बाजूनं आवाज यायला लागला होता आणि मद्रासचा माणूस दुरुस्तीला यायला तयार नव्हता. अण्णांनी त्याला बसवून सांगितलं, फेब्रुवारीत बंद करा, जूनमध्ये उघडा, मी उभा राहून करून घेतो. मालकानं हात जोडले.

दुसऱ्या रविवारी फाटकावर फलक, आणि आमच्या मंडळींचा जीव वरखाली. फेब्रुवारी ते जून म्हणजे उन्हाळ्याची सगळी सुट्टी. बाग कमावते ती त्याच दोन महिन्यांत. दातांचा डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाला, तुझ्या वडिलांना सांग, शेतीचं वेळापत्रक इथं चालत नाही, कपबशीला कुणी नांगर लावत नाही. मी घरी येऊन सांगितलं. अण्णा म्हणाले, पाणी नसतं तेव्हाच दार उतरवतात. मी म्हटलं, अहो इथं पाणी म्हणजे माणसं, ती उन्हाळ्यातच येतात. तुमचं उलटं झालं. त्यांनी थोडा विचार केला. म्हणाले, मग गर्दी यायच्या आधी दुरुस्त नको का व्हायला. पण फलक लागून गेला होता आणि शब्द फिरवायची त्यांना सवय नव्हती. असा माणूस घरात असला म्हणजे डोकं धरून बसावं लागतं. मी बसलो.

बंद व्हायच्या आधीचा शेवटचा रविवार. मुलीला कळलं होतं की आता लांबणार. ती आजोबांकडं गेलीच नाही, थेट माझ्याकडं आली.

‘अप्पा, तात्ता नको म्हणतात ते माहीत आहे. तुम्ही काय म्हणता?’

नऊ वर्षांची पोर. असा सरळ प्रश्न मला घरात कुणी विचारला नव्हता. रांग पुढं सरकत होती, शेवटच्या ओळीत जागा होती, मला दिसत होती.

‘तात्ता म्हणतात तेच,’ मी म्हटलं. आणि गेलो.

मे महिन्यात मी परीक्षेचे पेपर तपासायला रोज कुंभकोणमला जात होतो. अण्णा सकाळच्या बसनं बागेत. जुना शर्ट, डब्यात दहीभात, छत्री. मुलीला सुट्टी, ती त्यांच्याबरोबर. दोघं संध्याकाळी यायची ती ग्रीसचे डाग घेऊन, आणि बायको दारातच रॉकेल आणि चिंधी पुढं करायची. मला बरं वाटायचं, चला, पोर रमली.

एका संध्याकाळी घरी आलो तर ती ओसरीवर बसून पाय हलवत होती. म्हणाली, आज आम्ही होडीत बसलो. मी आणि तात्ता.

अण्णा आत आंघोळ करून भस्म लावत होते. अडुसष्ट वर्षांचा माणूस, जो साध्या पाळण्यातसुद्धा कधी बसला नाही. मी तसाच आत गेलो. म्हटलं, या वयात? आणि पोरीला घेऊन? मला विचारलंही नाहीत.

त्यांनी शांतपणे सांगितलं की दुरुस्ती ज्यानं पाहिली त्यानं पहिल्यांदा वर उभं राहायचं, हा त्यांच्या खात्यातला रिवाज. पहिलं पाणी दाराला लागतं तेव्हा ज्यानं दार बरं आहे म्हटलं तो दारावरच्या फळीवर उभा असतो. घरचं माणूस बरोबर घ्यायचं, म्हणजे मजुरांना धीर येतो. मला आठवलं, लहानपणी ते मलाही तसं उभं करत, खालून पिवळं पाणी फुगून येई. माझ्या मनात ते नुसतं गंमत म्हणून राहिलं होतं.

‘पण तुम्हीच तर तिला नको म्हणत होता,’ मी म्हटलं.

‘दुरुस्ती होईपर्यंत नको म्हणत होतो,’ अण्णा म्हणाले. ‘ती झाली. तू कशापायी नको म्हणत होतास?’

विचारण्यात टोमणा नव्हता. त्यांना खरंच माहीत नव्हतं. मी पेपरांची पिशवी उचलली आणि माडीवर गेलो.

त्या वर्षी नदी जूनमध्ये आलीच नाही, वरच्या राज्यानं पाणी अडवलं म्हणून. बाग मात्र उघडली. आमची मंडळी आली, कुरकुरत. व्हीलचा आवाज गेला होता तर एकजण म्हणाला, आता बसल्यासारखं वाटत नाही. मालक फाटकाशी उभा, चेहरा उतरलेला. सुट्टीचे दोन महिने गेले ते त्याला शेवटपर्यंत भरून काढता आले नाहीत. दोन वर्षांनी त्यानं होडी कुठल्या तरी जत्रावाल्याला विकली आणि पाठोपाठ जमीन प्लॉट पाडून. आज तिथं घरं आहेत. म्हणून म्हणतात, अण्णांमुळं. त्यात अगदीच खोटं नाही. पण ज्यानं मालकाला भर सुट्टीत बाग बंद करू नको म्हणून जाऊन सांगायला हवं होतं, तो मी रविवारवाल्यांत उभा राहून अण्णांना हसत होतो, हेही त्यांनी पंगतीत धरावं.

उघडण्याच्या त्या पहिल्या रविवारी मी मुलीला म्हटलं, चल, होडीत बसू. आपण दोघं. मी ठरवून आलो होतो, मधल्या ओळीत बसायचं. ती चटकन आली. आम्ही मध्ये बसलो, दांडा खाली आला. शेजारी चार मुलं, त्यांची आई, आणि होडी अजून हलली नव्हती. मी बहुधा मागं वळून बघितलं. शेवटच्या ओळीत कुणीच नव्हतं.

‘अप्पा, तुम्ही जा मागं,’ ती म्हणाली. ‘मला इथं बरं आहे.’

रागानं नाही. शेजारच्या माणसाला पंख्याखाली सरका म्हणावं, तसं. मी म्हटलं, मुलांबरोबर मोठं माणूस लागतं, नियम आहे. तेवढ्यात होडी चालवणारा आला. त्याला आमचं बोलणं ऐकू गेलं असावं. तमिळमध्ये म्हणाला, ही रायरांची नात, हिला काय होतंय, मी आहे ना. जा सार, बसा तुमच्या जागेवर. माझी जागा कुठली ते त्यालाही माहीत होतं.

नाही म्हणता आलं असतं. दांडा मी स्वतःच्या हातानं वर केला.

होडी वर गेली. दुरुस्तीनंतर ती पूर्वीपेक्षा उंच जात होती, हे मला कबूल केलं पाहिजे, आणि मला ते आवडलं हेही. वर थांबली तेव्हा खाली मधल्या ओळीत तिचं डोकं दिसलं, रिबिनी बांधलेल्या दोन वेण्या. बाकीची मुलं किंचाळत होती. ती खांबाच्या बाजूला कान करून बसली होती. खाली उतरल्यावर ती माझ्याकडं न येता बाकावर बसलेल्या अण्णांकडं पळत गेली, काहीतरी हातवारे करून सांगायला लागली, आणि ते मान खाली घालून, अगदी मन लावून ऐकत होते. मी दोघांपासून दहा-बारा पावलांवर थांबलो. काय सांगत होती ते मी तिला कधी विचारलं नाही.