चेंबरचा बोल्ट

हे लिहावं की नाही, यात बरेच दिवस गेले. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. लॉरीच्या तेलावर लिहिण्यासारखं काय असतं, असं कोणी विचारलं तर मला नीट सांगता येणार नाही. या आगाऊपणाबद्दल आधीच माफी मागतो.

मध्यभारत राज्याचे दिवस होते. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराने काढून टाकलेली एक लॉरी बाबांनी घेतली होती आणि तिचं सगळं ते घरीच करत. त्या खेपेला त्यांची कंबर धरली; गाडी चालवता येत होती, पण खाली वाकता येईना, म्हणून तेल बदलायला मी गाडीखाली शिरलो. इंजिन नुकतंच बंद केलेलं; गरम तेल लवकर उतरतं. इंजिनाच्या तळाशी तेलाचं चेंबर असतं, त्याचा बोल्ट सुटला आणि काळी, जाड धार घमेल्यात पडू लागली. डोक्यावर ते अवाढव्य लोखंड अजून ऊब सोडत होतं, आत कुठेतरी टिकटिक वाजत होतं. हे धूड एवढ्याशा तेलाच्या भरवशावर डोंगर चढून धुळ्याला जातं. मी हात थांबवून नुसता पाहत राहिलो.

"दर्शन झालं असेल तर वायसर काढ," बाबा बाहेरून म्हणाले.

बोल्टाखालचं तांब्याचं वायसर, म्हणजे चकती, चुलीत लाल करून पाण्यात टाकायचं, म्हणजे ते मऊ पडतं आणि तेल गळत नाही. मी ते चिमट्यात धरून बसलो तेव्हा आई म्हणाली, "मीठ घालू का रे त्यात?"

वायसर घालून मी बोल्ट कसला आणि नवं तेल भरलं. आमच्याकडे एक रीत होती, आजोबा तोफखान्यात होते तिथून आलेली: एकाने कसलेल्या बोल्टाला दुसऱ्याने पाना लावायचा नाही. बाबांनी फक्त विचारलं, "घट्ट आहे?"

"आहे."

ते शहरातल्या राजवाड्याकडे माल भरायला गेले आणि तिथून परस्पर घाटाच्या रस्त्याला लागले.

बोल्ट सैल असेल तर चढावर तेल गळणार, इंजिन जाम होणार; आणि आमचं घर त्याच इंजिनावर चालत होतं. वर्गात मास्तर काय शिकवत होते, मला आठवत नाही. पाना फिरवताना मनगटाला लागलेला तो शेवटचा अडसर खरा होता की मला वाटला, एवढंच मनात घोळत होतं.

मग एका दुपारी धुळ्याकडून परतलेला एक ड्रायव्हर दारात येऊन उभा राहिला.

"भिया, तुमचे बाबा बिजासनचा घाट चढून वर मजेत चहा पीत बसले होते. बोले, घरी सांग, गाडी खालून एकदम सूखी आहे."