जादा इसम

सरकारी पत्र मेश्रामबाई नेहमी उभ्यानं वाचत. "बसून वाचलं का खरं वाटते," असं म्हणत. त्या नागपुरातल्या नाल्याकाठच्या महापालिका शाळेच्या मुख्याध्यापिका आणि मी झोन कार्यालयातला लिपिक.

एका पावसाळ्यात नाल्याचं पाणी वस्तीत शिरलं. निवारा उघडण्याचा लेखी आदेश निघायला दुपार झाली. बाईंनी वर्ग सकाळी सहालाच उघडले होते. आठ दिवस माणसं शाळेत राहिली. चौथीच्या वर्गात एक बाई बाळंतही झाली. तांदूळ-डाळ इतवारी बाजारातल्या किराणावाल्याकडून मेश्रामबाईंच्या शब्दावर उधार आली.

पाणी ओसरलं आणि खरं संकट सुरू झालं. निवाऱ्याचा खर्च शासनाकडून परत मिळवण्याचा प्रस्ताव तीनदा माघारी आला. आधी, आदेशापूर्वीचा चहा कुणाच्या परवानगीनं पाजला म्हणून. मग, पूरग्रस्तांच्या रेशनकार्डांच्या प्रती नाहीत म्हणून. कार्डं पुरात गेली होती. तिसऱ्यांदा शेरा आला : आले एकशे बारा, गेले एकशे तेरा, जादा इसमाचा खुलासा करावा.

मी शहाणपणानं सुचवलं, "बाई, एक नाव गाळा. बेरीज जुळेल, प्रस्ताव आजच पुढे जाईल."

"काहून गा? पोरगी घरी दूध पिऊन राहिली, अन् मी तिले कागदावर मारू?"

खुलासा त्यांनी स्वतः लिहिला : 'जादा इसम मातेसोबतच आला होता. प्रवेशाच्या वेळी दिसत नव्हता.'

तो कागद वर फिरत असताना बाई निवृत्त झाल्या. किराणावाल्याचे पैसे त्यांनी आपल्या फंडातून दिले. पुढे मंजुरी आली आणि रक्कम महापालिकेच्या खात्यात जमा झाली. बाईंना देण्याचा नियम मात्र सापडेना. त्या आता कर्मचारी नव्हत्या. हे सांगायला मी मान खाली घालून त्यांच्या घरी गेलो.

"बरं झालं बापा," बाई हसल्या. "महापालिका बिचारी उघड्यावर आली असती."

पुढच्या पावसाळ्यात नाला पुन्हा चढला. मला पाहणीसाठी पाठवलं होतं. शाळेच्या फाटकाबाहेर लोक पोरंबाळं घेऊन भिजत उभे होते. नवे मुख्याध्यापक आत फोनवर आदेशाची वाट पाहत होते. गर्दीत छत्री धरून मेश्रामबाई.

"उघड," त्या चौकीदाराला म्हणाल्या.

"बाई, रजिस्टरात ऑर्डर कोणाची लिहू?"

बाईंनी माझ्याकडे बोट दाखवलं. "याची लिही. हा सरकारी माणूस आहे."

बावीस वर्षांच्या नोकरीत वरिष्ठांना न विचारता केलेली माझी ती पहिली सही.