रायडर पुढे बसतो

मंगळवारी सकाळी अर्लकाकांची स्नोमोबिल आमच्या शॉपमध्ये परत आली. ट्रेलरवर चढवून, शेजाऱ्याच्या पिकअपमागे. अर्लकाका स्वतः पिकअपच्या पुढच्या सीटवर होते आणि त्यांना खाली उतरायला चांगली दोन मिनिटं लागली. आठच दिवसांपूर्वी त्या गाडीचं मागचं सस्पेन्शन मी बदललं होतं. बदललं होतं ते त्यांच्या दुखऱ्या पाठीसाठीच.

कॅरल, म्हणजे आमच्या शॉपची मालकीण, माझ्याकडे बघून एवढंच म्हणाली, "तुझं काम आहे. तूच बघ."

मी मूळचा पुण्याचा. तिथे दुचाकींच्या आर अँड डीत आणि मग मिशिगनमध्ये एका मोठ्या कंपनीत सस्पेन्शन डिझाइन करण्यात पंचवीस वर्षं काढली. त्रेपन्नाव्या वर्षी लेऑफ झाला. दीड वर्ष अर्ज पाठवून झाल्यावर मिशिगनच्याच पार उत्तरेला या शॉपमध्ये मेकॅनिक म्हणून लागलो. सुनीताला, म्हणजे माझ्या बायकोला, तोवर ओहायोतल्या डब्लिनमध्ये नोकरी मिळाली होती. ती तिकडे, मुलगी स्टेट कॉलेज नावाच्या गावी शिकायला, आणि मी शॉपच्या वरच्या खोलीत. मराठी बोलायचं ते रविवारी फोनवर, तेही अर्धंच, कारण मुलगी उत्तरं इंग्रजीत देते. बाकी सहा दिवस मी जेवढी वाक्यं बोलतो, त्यातली निम्मी अडकलेल्या बोल्टांना उद्देशून असतात.

इथे चौऱ्याहत्तर वर्षांच्या माणसालाही नुसत्या नावानं हाक मारायची असते. मला ते अजून जमत नाही. त्यामुळे तोंडानं 'अर्ल' आणि मनात 'अर्लकाका' असं माझं चालतं.

त्यांचं घर तळ्याच्या पलीकडच्या टोकाला आहे. तिथवरचा रस्ता हिवाळ्यात कुणी साफ करत नाही. नोव्हेंबर संपला की गोठलेल्या तळ्यावरून सात मैल स्नोमोबिल चालवायची, हाच एक मार्ग. शेजाऱ्याची पिकअप हिवाळ्यात अलीकडच्या काठावरच असते; मंगळवारी अर्लकाकांनी कसंबसं तळं ओलांडलं होतं आणि तिथून पुढे ते तिच्यातून आले होते. वाऱ्यानं तळ्यावर बर्फाच्या घट्ट लाटा उठतात आणि प्रत्येक लाट थेट मणक्यात पोहोचते. डॉक्टरांनी त्यांना सांगितलं होतं की ही गाडी अशीच चालवलीत तर पाठ जाईल. ॲरिझोनात चँडलरला त्यांची मुलगी असते. तिनं खोली तयारच ठेवली होती. पाठ बिघडली की मी येऊन तुम्हाला घेऊन जाणार, असं तिनं बजावलं होतं. अर्लकाकांना जायचं नव्हतं. ते घर त्यांनी आणि त्यांच्या बायकोनं, नॅन्सीनं, दोघांनी मिळून बांधलं होतं, आणि नॅन्सीला जाऊन सहा वर्षं झाली होती.

"नवी गाडी का घेत नाही?" मी पहिल्या दिवशी विचारलं होतं.

"ही तळ्याच्या मध्यात बंद पडली तर मी चालू करू शकतो," ते म्हणाले. "नवी बंद पडली तर लॅपटॉप लागतो."

मला हे पटलं. मग ठरलं की इंजिन जुनंच ठेवायचं आणि मागचं सस्पेन्शन तेवढं नव्या मॉडेलचं बसवायचं.

स्नोमोबिलला पुढे दोन स्की असतात आणि मागे रणगाड्यासारखा रबरी पट्टा, ज्याला ट्रॅक म्हणतात. त्या ट्रॅकच्या पोटात एक अख्खा सांगाडा असतो. दोन लांब पट्ट्या, चाकं, एक पुढचा शॉक ॲब्सॉर्बर, म्हणजे नुसता शॉक, एक मागचा शॉक आणि स्प्रिंगा. हेच मागचं सस्पेन्शन. अर्लकाकांची गाडी सत्तावीस वर्षांची; तिचा सांगाडा जेमतेम सहा-सात इंच दबायचा. नंतरचे त्याच्या दुप्पट दबतात. झाडाला धडकून भंगारात निघालेल्या एका गाडीचा सांगाडा कॅरलनं मिळवला. ट्रॅकची लांबी तीच होती, पण बोल्टची भोकं जुळत नव्हती. म्हणजे गाडीच्या ॲल्युमिनियमच्या अंगात नवी चार भोकं पाडायची, आणि एकदा पडलेलं भोक काही बुजवता येत नाही.

खरं सांगतो, ते चार दिवस मी फार सुखात होतो. कितीतरी दिवसांनी कुणीतरी मला डोकं वापरायचं काम दिलं होतं. स्प्रिंगा काढून रिकामा सांगाडा आत ठेवला, क्लॅम्प लावून धरला, जॅकनं वर-खाली करून ट्रॅक कुठे घट्ट होतो, कुठे सैल पडतो ते पाहिलं. पुठ्ठ्याचे साचे कापले. भोकं पाडण्याआधी तीनदा मोजलं. आतून जाड पट्ट्यांचा आधार रिव्हेट केला. कॅरल येता-जाता म्हणायची, हे या हिवाळ्यातच पूर्ण होणार आहे ना?

शेवटी सॅग मोजला. माणूस बसल्यावर गाडी त्याच्या वजनानं किती खाली बसते, तो सॅग. तो बरोबर नसेल तर कितीही महागडं सस्पेन्शन असो, सगळं मुसळ केरात. अर्लकाकांचं वजन जाड कपड्यांसकट एकशे नव्वद पौंड. मी तेवढ्या वाळूच्या पिशव्या सीटच्या मधोमध ठेवल्या, कारण कंपनीत पंचवीस वर्षं आम्ही तसंच करत आलो होतो. आकडा अगदी हवा तसा आला. अर्लकाका हातात कॉफी घेऊन चार फुटांवर उभे होते. त्यांना 'जरा बसा' म्हणायचं मला सुचलंही नाही. आधी माणसांशी बोलणं कमी होतं, मग त्यांना विचारणं बंद होतं. हे माझ्या बाबतीत केव्हा झालं ते मला कळलं नव्हतं.

तर मंगळवारी मी सगळं परत मोजलं. भोकं जागच्या जागी, शॉक ठीक, ट्रॅकचा ताण ठीक. वाळूच्या पिशव्या पुन्हा ठेवल्या, सॅग तोच. मी कॅरलला म्हणालो की गाडीत काहीही दोष नाही, दोष पाठीत असेल. बोललो आणि लगेच लाज वाटली, कारण अर्लकाका दाराशीच उभे होते.

"मुलगी शनिवारी येतेय," ते शांतपणे म्हणाले. "दोघांची तिकिटं काढलीत. तुझी चूक नाही रे. तू मनापासून केलंस."

कॅरलनं शॉपच्या दुसऱ्या स्नोमोबिलची किल्ली माझ्या हातात ठेवली. "पिशव्या तळ्यावर जात नाहीत," ती म्हणाली. "त्याच्या मागे जाऊन बघ."

अर्लकाकांनी दोन गोळ्या घेतल्या आणि कमरेचा पट्टा आवळला. आम्ही तळ्यावर उतरलो. ते पुढे, मी तीस फुटांवर मागे. सगळीकडे पांढरं, आवाज फक्त दोन इंजिनांचा. अर्ध्या मैलात मला दिसलं ते असं, की अर्लकाका सीटच्या अगदी टोकाला, पोट हँडलला लागेल इतके पुढे बसले होते. मागे हातभर सीट मोकळी. प्रत्येक लाटेवर पुढचा शॉक पार तळाला जाऊन आपटत होता आणि मागचा शॉक काही न करता नुसता सोबत येत होता. मी मधोमध बसणाऱ्या माणसासाठी गाडी लावली होती. असा माणूस त्या गाडीवर नव्हताच.

मी हात करून त्यांना थांबवलं.

"तुम्ही इतके पुढे का बसता?" मी विचारलं.

त्यांनी मागे वळून सीटकडे पाहिलं. जणू त्यांनाही ते आत्ताच दिसत होतं.

"नॅन्सी मागे बसायची," ते म्हणाले. "एकवीस वर्षं. तिला जागा लागायची."

मग म्हणाले, "मागे सरकून बसायचा प्रयत्न केलाय मी. मैलभर जातो आणि बघतो तर परत पुढे."

सुनीता इकडे येऊन गेली त्याला चार महिने झाले होते, आणि वरच्या खोलीत पलंगाच्या भिंतीकडच्या कडेला मी अजून अंग चोरून झोपत होतो. हे मी त्यांना सांगितलं. का सांगितलं माहीत नाही. त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, "मग तुला आणखी समजावायला नको."

परत आल्यावर दोन तास काम केलं. पुढच्या शॉकची स्प्रिंग बदलून जास्त ताठ घातली. सांगाड्याचं पुढचं टोक गाडीपासून किती खाली उतरेल हे ठरवणारा एक छोटा पट्टा असतो, तो एक भोक सैल केला. मागच्या स्प्रिंगा एक घर नरम केल्या. मग अर्लकाकांना बूट, हेल्मेट, हातमोजे सगळं घालायला लावलं आणि म्हटलं, "अर्लकाका, बसा." शब्द तोंडातून निसटलाच. काका म्हणजे काय, ते त्यांनी विचारलं. मी सांगितलं. ते बसले. नेहमीसारखेच पुढे. मी तिथेच सॅग मोजला.

शुक्रवारी ते सात मैल गेले आणि सात मैल आले. पिकअपमधून नाही, स्वतःच्या गाडीवरून. शनिवारी त्यांची मुलगी आली, त्याच गाडीवरून तळं ओलांडून घरी गेली, मागे बसून. चार दिवस राहिली आणि एकटीच चँडलरला परतली. जाताना शॉपमध्ये येऊन मला म्हणाली की एप्रिलपर्यंत, म्हणजे हा हिवाळा संपेपर्यंत, ठीक आहे, पुढचं पुढे.

त्यानंतरच्या रविवारी सुनीताला मी हे सगळं सांगितलं. फोनवर एवढं बोलायची मला सवय नाही. ती म्हणाली, "पुढच्या वीकेंडला तू ये. नऊ-दहा तास ड्राइव्ह आहे, ठाऊक आहे मला. तरी ये." मी गेलो.

या प्रकरणातून मी एकच तांत्रिक धडा घेतला. सॅग मोजायचा तो माणूस जिथे बसतो तिथे, जिथे बसायला हवा तिथे नाही. कंपनीत पंचवीस वर्षांत हे मला कुणी शिकवलं नाही, आणि मीही कुणाला विचारलं नाही.

आमच्या शॉपमध्ये प्रत्येक गाडीचं एक जॉब कार्ड असतं. पुढचा मेकॅनिक ते वाचून काम करतो. अर्लकाकांच्या कार्डावर स्प्रिंगचा नंबर आणि सॅगचा आकडा लिहिला, आणि शेरा या रकान्यात लिहिलं: रायडर पुढे बसतो. मागची जागा मोकळी असते. दुरुस्त करू नये.