बल्ब लाल होईपर्यंत

मोठी आई वेळ पाहायला घड्याळाकडे जात नसे. ती स्वयंपाकघरातल्या बल्बकडे बघे. संध्याकाळी कारंजाच्या शिवारात संत्र्याच्या बागांवरचे पंप सुरू झाले, की गावातली वीज मंदावायची आणि बल्ब लाल पडायचा. मग ती म्हणायची, "झाला लाल. आना आता मिरच्या."

मोठी आई म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची, मोठ्या बाबांची, बायको. तिची बोटं सांधेवातानं वाकली होती, वरवंटा धरवत नसे. म्हणून तिच्या मुलानं, प्रकाशदादानं, अमेरिकेतून तिच्यासाठी मिक्सर आणला, आणि आपल्याकडची वीज दुप्पट जोराची म्हणून ती उतरवणारा ट्रान्सफॉर्मरही. दादाची पाठ वळली आणि ट्रान्सफॉर्मर बैठकीत गेला. मोठ्या बाबांचा टेपरेकॉर्डरही तिकडचाच होता, आणि तो ऐकायला लोक यायचे. तिनं ट्रान्सफॉर्मर तासाभरासाठी मागितला, तर मोठे बाबा मानही न वळवता म्हणाले, "पाटा काऊन ठेवला मंग घरात?"

मी कॉन्व्हेंटात शिकणारी, सुट्टीपुरती येणारी पुतणी. हातात पुस्तक धरून बसायचे आणि ऐकायचे. ते वाक्यही तसंच ऐकलं.

त्या दिवाळीत तिनं मिक्सर उलटा करून माझ्यापुढे धरला. "बाई, याच्या बुडाले काय लिवलं हाये?" एकशे वीस व्होल्ट, मी वाचलं, आणि आपल्याकडे दोनशे तीस येते, हेही सांगितलं.

"येते कुठं वं?" ती वर बघत म्हणाली. "संध्याकाळी पाह्यजो त्या बल्बाकडं."

मिक्सरच्या प्लगचे चपटे पाय आपल्या बोर्डात बसेनात. तिनं प्लग कापला, तारा सोलून बोर्डाच्या भोकांत घातल्या आणि आगपेटीच्या काड्या खुपसून घट्ट केल्या. मी दाराशी जाऊन उभी राहिले. बल्ब लाल पडल्यावर तिनं बटण दाबलं आणि मिक्सर घुमला. तिचा चेहरा असा उजळलेला मी पुन्हा पाहिला नाही.

नाताळच्या सुट्टीत गेले तेव्हाही तिचं वाटण लाल बल्बाखालीच चाललं होतं. एका संध्याकाळी पंप एकदम बंद पडले. बल्ब पांढराफेक झाला, मिक्सर किंचाळला आणि त्यातून धूर निघाला. मोठे बाबा पाहुण्यांना घेऊन बघायला आले. "बाईमानसाच्या हाती मशीन देली का असंच होते. माह्या टेपाले काई झालं काय?" पाहुणे हसले.

दुसऱ्या सकाळी तिनं आणि मी पाटा ओढत बैठकीत नेला. माणसं टेप ऐकत असताना ती मधोमध बसून वाळक्या मिरच्या वाटू लागली. सगळे खोकू लागले. हे काय चालवलं, असं मोठ्या बाबांनी विचारलं.

"ट्रान्सफॉर्मर इथं हाये, तं वाटन बी इथंच होईन."

त्यांनी टेप बंद केला. ट्रान्सफॉर्मर मात्र हलवला नाही. घरात दुसरा मिक्सर कधी आला नाही, आणि ती वाकड्या बोटांनी शेवटपर्यंत वाटत राहिली.

ती गेल्यावर भेटायला आलेल्यांपुढे, त्याच बैठकीत, मोठे बाबा डोळे पुसत म्हणाले, "पाट्यावरचंच वाटन लागे तिले. मशीनचं आवडेच नाई."

त्या बैठकीत मी तोवर एक शब्द बोलले नव्हते.

"आवडत होतं, मोठे बाबा," मी म्हणाले. "तुम्ही ट्रान्सफॉर्मर दिला नाही."